चालणाऱ्यासाठी लिहिलेली भूमी

कादंबरीचा वाचक लेखकाने आखलेल्या वाटेनेच जातो. डोंगरापलीकडे काय आहे हे लेखकाने सांगितले नाही, तर वाचकाला तिकडे जाण्याचा मार्ग नसतो, आणि बहुधा त्याला त्याची उणीवही भासत नाही. हाडाचे कादंबरीकार या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतात. चार घरे, एक पाणवठा, एक पिंपळ आणि दुरून दिसणारी टेकडी एवढ्यावर गाव उभे राहते. टेकडीच्या मागची बाजू कोरी असली तरी कथेचे काही बिघडत नाही.

एका साहित्यसदृश प्रकारात मात्र ही सवलत मिळत नाही. तो म्हणजे टेबलाभोवती बसून, भूमिका घेऊन खेळायचा कथा-खेळ, ज्याला इंग्रजीच्या अनुकरणाने आपल्याकडेही ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. एक जण निवेदक होतो आणि कल्पित जगाचे वर्णन करतो. बाकीचे चार-पाच जण त्या जगातील पात्रे होतात, काय करायचे ते बोलून सांगतात, आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. निवेदकाने राजवाड्याकडे जाणारा रस्ता रंगवून सांगावा आणि खेळणाऱ्याने विचारावे, “या ओढ्याकाठाने खाली गेलो तर कुठे पोचू?” या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते, आणि ते उत्तर मनमानी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला त्या जगावरचा विश्वास उडतो. कल्पित जगातील भूगोल वास्तव असावा असा आग्रह या खेळाच्या चाहत्यांत वारंवार धरला जातो, त्याचे मूळ येथे आहे. ही भूमी वाचणाऱ्यासाठी लिहिलेली नसते, चालणाऱ्यासाठी लिहिलेली असते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या खेळाकडे लक्ष का द्यावे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे, की चालणाऱ्यासाठी भूमी लिहिण्याची एक परंपरा मराठीत फार जुनी आहे. ती ओळखण्यास हा नवा खेळ उपयोगी पडतो. उलट, त्या परंपरेपाशी असे काही ज्ञान आहे जे या खेळाच्या नियमपुस्तकांत सहसा आढळत नाही. या दोन्ही गोष्टी तपासण्यासाठी आम्ही मुद्दाम हिंगोली जिल्हा निवडला आहे. तेथे हिमशिखरे नाहीत, समुद्र नाही, घनदाट अरण्यांची ख्याती नाही. देखाव्याचा आधार काढून घेतल्यावर भूगोलात काय उरते, हे पाहण्यास असाच प्रदेश हवा.

प्रथम या खेळाची वंशावळ थोडक्यात पाहू. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ पितापुत्रांनी एक युद्धखेळ सिद्ध केला. पित्याने १८१२च्या सुमारास तो राजदरबारी मांडला. पुत्राने १८२४मध्ये त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले आणि १:८००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशांवर सैन्याच्या सोंगट्या चालवल्या. चढण किती, ओढा ओलांडता येईल की नाही, तुकडी किती वेळात कोठे पोचेल, हे नकाशावरून ठरू लागले. १९७४मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला तो अशा युद्धखेळांच्याच वर्तुळातून. त्याच्या पहिल्या नियमांत, रानावनातील प्रवासासाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या १९७२च्या एका वेगळ्याच खेळाचा षट्कोनी घरांचा पट वापरावा अशी सूचना होती. म्हणजे अंधारी भुयारे कल्पनेची, परंतु उघडे रान उसने! पुढे १९८०मध्ये ‘ग्रेहॉक’ या कल्पित जगाचे मोठे नकाशे छापून आले.

दुसरे कुळ टोल्किनचे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) लिहिताना आपण नकाशा आधी केला आणि कथा त्याला जुळवून घेतली, असे त्याने एका पत्रात सांगितले आहे. अंतरे, चंद्राच्या कला आणि चालण्याचे दिवस यांचा मेळ त्याने कसोशीने घातला. तरी त्याच्या मॉर्डोरभोवतीच्या, काटकोनात वळणाऱ्या पर्वतरांगा भूगोलाच्या जाणकारांना आजही खटकतात. तिसरे नाव आपल्या अधिक जवळचे आहे. उर्दू आणि बलुची भाषांचे अभ्यासक व मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई अभ्यासाचे प्राध्यापक असलेले एम. ए. आर. बार्कर यांनी १९७५मध्ये ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यातील जगाला युरोपीय मध्ययुगाचा साचा नाही. युरोपबाहेरील संस्कृतींच्या धर्तीवर कल्पित जग उभारता येते, हे या खेळाच्या आरंभकाळातच सिद्ध झाले होते; पण तो मार्ग फारसा रुळला नाही.

नकाशा करणाऱ्या नवशिक्यांना सहसा काही नियम सांगितले जातात: नद्या एकमेकींस मिळतात, सहसा फाटत नाहीत, पाणी उताराकडे जाते, पर्वताच्या वाऱ्याकडील बाजूस पाऊस आणि पलीकडे पर्जन्यछाया, नगर वसते ते उताराच्या घाटापाशी, संगमापाशी किंवा दोन वाटांच्या तिठ्यावर. हे नियम चुकीचे नाहीत. पण ते हिंगोलीच्या नकाशावर ठेवून पाहिले म्हणजे त्यांचा अपुरेपणा ध्यानी येतो.

पर्जन्यछायेचेच उदाहरण घेऊ. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाट उतरून पूर्वेस अहिल्यानगरच्या पठारावर यावे तो जेमतेम ५००-६०० मिलिमीटर उरतो. केवळ नियम पाठ केलेला नकाशाकार येथून पूर्वेकडे वाळवंट काढील. प्रत्यक्षात तसेच पूर्वेस चालत राहिले तर पाऊस पुन्हा वाढू लागतो. हिंगोलीत तो ८०० ते ९०० मिलिमीटरच्या घरात असतो, कारण बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या पावसाचा वाटा तेथे वाढत जातो. एका पर्वताने सगळे ठरत नाही. दुसऱ्या दिशेला दुसरा समुद्र आहे, हे विसरून चालत नाही.

नद्यांचे तर पाहण्यासारखे आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर पैनगंगा. जिल्ह्याच्या मध्यातून हिंगोली, कळमनुरीच्या बाजूने जाऊन पैनगंगेस मिळणारी कयाधू. आणि नैर्ऋत्येस येलदरी व सिद्धेश्वर या धरणांची पूर्णा. कयाधूत पडलेले पाणी पैनगंगेत, तेथून वर्धेत, वर्धा-वैनगंगेच्या संगमानंतर प्राणहितेत, आणि शेवटी सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. पूर्णेत पडलेले पाणी परभणी जिल्ह्यातच गोदावरीला मिळते. दोन्ही थेंबांची नदी अखेर एकच; परंतु एक नांदेडच्या घाटावरून जातो आणि दुसरा विदर्भाला वळसा घालून शेकडो किलोमीटर खाली येऊन त्याला भेटतो. या दोहोंमधला जलविभाजक म्हणजे कोणी गगनचुंबी पर्वत नव्हे. प्रवाशाच्या सहज लक्षातही येणार नाही असा माळ आणि बुटक्या टेकड्या. कल्पित नकाशांत सीमा नेहमी उत्तुंग असतात. खऱ्या भूमीत मोठे निर्णय पुष्कळदा अशा अनाम उंचवट्यावर होतात. नावांचीही तीच गत. हिंगोलीची पूर्णा गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरास जाते, आणि अकोल्याकडची पूर्णा तापीमार्गे अरबी समुद्रास. एकाच नावाच्या दोन नद्या काढण्याचे धाडस कल्पित जगाचा कर्ता करीत नाही. लोकांनी मात्र ते बिनदिक्कत केले आहे, कारण नदीला नाव देणारा संपूर्ण नकाशा पाहून नाव देत नसतो.

अंतराचा हिशेबही असाच. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत सर्वसाधारण चालीने दिवसाला २४ मैल, म्हणजे सुमारे ३८ किलोमीटर, प्रवास धरला आहे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर ज्ञानेश्वरांची पालखी मुक्काम करीत अठरा-वीस दिवसांत कापते. सरासरी दिवसाला १२ ते १४ किलोमीटर. समुदाय चालतो तेव्हा म्हातारी माणसे, स्वयंपाक, पाणी, पाऊस आणि चिखल हेही त्याच्याबरोबर चालत असतात. काळ्या जमिनीतील पावसाळ्याची वाट ज्याने तुडवली आहे, तो एकट्या सशक्त पुरुषाच्या चालीवर देश मोजणार नाही.

चालणाऱ्याच्या मापाने भूमी लिहिणे म्हणजे काय, याचा मराठीतील उत्कृष्ट नमुना महानुभावांची ‘स्थानपोथी’ होय. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते प्रत्यक्षदर्शींच्या आठवणी गोळा करून. त्यात चक्रधर लोणारला, मेहकरला, पैठणला जातात, राहतात, निघतात. त्यापुढचे काम चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ने केले. परंपरेने ती मुनिव्यासांच्या नावाशी जोडली जाते. कोणत्या गावी, गावाच्या कोणत्या दिशेस, कोणत्या देवळात, त्याचे दार कोणीकडे, आवाराच्या कोणत्या अंगास स्वामींचे आसन झाले, कोठे वसती झाली, कोठे अवस्थान झाले, अशी ही नोंद आहे. साहित्यगुणांच्या शोधात असलेल्या वाचकाला ती रुक्ष वाटेल. परंतु ती वाचनसुखासाठी लिहिलेलीच नाही. स्वामींच्या स्पर्शाने जे स्थान पवित्र झाले, तेथे जाऊन मस्तक टेकू इच्छिणाऱ्याने चुकीच्या ओट्यावर मस्तक टेकू नये, यासाठी ती लिहिली आहे. वि. भि. कोलते यांनी ती संपादित करून अभ्यासकांस उपलब्ध केली. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ (२००३) या ग्रंथात महाराष्ट्राच्या भौगोलिक कल्पनेचा विचार करताना महानुभावांच्या या स्थानज्ञानाची सविस्तर दखल घेतली.

येथे एक भेद नमूद करणे अगत्याचे आहे. ‘स्थानपोथी’तील स्थाने खरी आहेत, खेळातील कल्पित. तरी दोहोंची कसोटी एकच: वाक्य वाचून माणूस चालू लागला, तर तो पोचला पाहिजे. वर्णनाचे यश येथे शैलीत नसून दिशेत आहे. मराठी गद्याच्या आरंभीच्या शतकांतच ही कसोटी लावली गेली होती, ही गोष्ट आपण गद्याचा इतिहास शिकवताना क्वचितच सांगतो.

आता भूमीवरील माणसांच्या रेषांकडे वळू. निजामाच्या राज्यात हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. या फौजेच्या खर्चापोटी १८५३च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, आणि पैनगंगा ही दोन राजवटींमधील सीमा ठरली. नदी तीच, पाणी तेच. पण एका फौजेच्या थकलेल्या पगारामुळे तिचे दोन काठ दोन कायद्यांखाली आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९५६मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्रात. आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. सीमारेषा नदीवर का पडते, असे खेळणाऱ्याने विचारले तर ‘नदी नैसर्गिक सीमा असते’ हे उत्तर अर्धे आहे. कोणाचे कोणाकडे किती देणे होते, हे उरलेले अर्धे.

याच छावणीचा बाजार इंग्रजी साहित्यात एका विलक्षण कारणाने आला आहे. निजामाच्या नोकरीतील फिलिप मेडोज टेलर याने १८३९मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. प्रस्तावनेत तो हिंगोलीच्या हरीसिंग नावाच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत देतो. टेलरने स्वतः त्याच्याशी व्यवहार केलेला होता. या हरीसिंगाने मुंबईहून कापड आणण्यासाठी मुलकी अधिकारी कॅप्टन रेनल्ड्स याच्याकडून परवाना घेतला. जवळच्या गावचा दुसरा एक व्यापारी तसलाच माल घेऊन येत आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याला माणसांसह वाटेत मारले आणि तो माल त्याच परवान्यावर हिंगोलीस आणून छावणीत उघडपणे विकला, असे टेलर सांगतो. कथानकाच्या दृष्टीने पाहावे तर येथे भूगोलच सूत्रधार आहे: मुंबईपासूनचे लांब अंतर, मधला निर्जन टप्पा, कागदावरचा परवाना, आणि छावणीच्या बाजारात कापडाला असलेली मागणी. यांतील एक दुवा काढला तर गुन्हा घडत नाही. भुयार आणि राक्षस न आणताही प्रदेशातून कथा कशी निघते, याचा हा धडा आहे.

मात्र धड्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. ठगांविषयीचे आपले बहुतेक ज्ञान इंग्रज अधिकाऱ्यांनी घेतलेल्या जबान्यांतून आले. त्यात वस्तुस्थिती किती आणि राज्यकर्त्यांची भयकल्पना किती, यावर किम वॅग्नर (२००७) आदी इतिहासकारांनी बराच ऊहापोह केला आहे. पाश्चात्त्य चित्रपटांत आणि कथांत पुढे ‘ठग’ उरला तो कालीपुढे बळी देणारा, देशकाल नसलेला सैतान म्हणून. टेलरच्या हकीकतीतील परवाना, बाजार आणि कापड गळून पडले. रुमाल तेवढा राहिला. भूगोल काढून घेतला की माणसाचे सोंग होते. कल्पित जगात वास्तव भूगोल असावा या आग्रहामागे आम्हांस जो गंभीर अर्थ दिसतो, तो हा. आपला प्रदेश परक्या कल्पनेत शोभेची वस्तू म्हणून जातो, तो आधी त्याची कारणे काढून घेतल्यावरच.

आणि आपल्या स्वतःच्या कल्पनेत? येथे हिंगोलीपासून सुमारे २५ किलोमीटरवरील औंढा नागनाथकडे जाणे प्राप्त आहे. कयाधूकाठचे नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. काही अभ्यासक ते कऱ्हाडच्या बाजूस, कृष्णेच्या परिसरात ठेवतात, तो वाद आपण तूर्त बाजूला ठेवू. विसोबा खेचर नामदेवांना भेटले ते औंढ्यास, अशी परंपरा आहे. त्याच देवळाची दुसरी कथा सर्वपरिचित आहे: कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी समोरून हटवून मागे जाण्यास सांगितले, ते मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. तेथील नंदी देवळाच्या मागील बाजूस असण्याचे कारण म्हणून ही कथा सांगतात.

नकाशाच्या दृष्टीने ही कथा वाचावी. दगडाची एक विसंगती समोर आहे. नंदी असावा तेथे नाही. लोकांनी तिचे स्पष्टीकरण म्हणून चमत्कार सांगितला, आणि त्या चमत्काराच्या पोटात एक सामाजिक वस्तुस्थिती जपून ठेवली: देवळाला समोर आणि मागे असते, आणि कोणी कोठे उभे राहावे हे ठरलेले असते. चोखामेळ्याची समाधी पंढरपुरास महाद्वाराच्या बाहेर आहे. ते द्वार दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७मध्ये उपोषण करावे लागले. गावकुसाच्या आत कोण, बाहेर कोण, पाणवठा कोणाचा, हे मराठी गावाच्या भूगोलात डोंगर-नदीइतकेच अढळ होते. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८)नंतर तरी मराठी वाचकाला हे सांगावे लागू नये.

खेळांच्या नियमपुस्तकांत जे सहसा आढळत नाही असे आम्ही आरंभी म्हटले, ते हेच. तेथे चढण, दलदल आणि जंगल यांनी चाल किती मंदावते याची कोष्टके असतात. चालणारा कोण आहे यावरून वाट बदलते, हे क्वचितच असते. ‘स्थानपोथी’ देवळाचे दार कोणीकडे ते सांगते. औंढ्याची कथा त्या दारातून कोणाला परत पाठवले ते सांगते. भूमी पूर्ण लिहायची तर दोन्ही नोंदी हव्यात.

साहित्य शिकवणाऱ्यांस एक सूचना करून थांबतो. वर्गात ‘प्रादेशिकता’ शिकवताना बोलीची आणि निसर्गवर्णनाची उदाहरणे आपण देतोच. त्याऐवजी एकदा विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्याच्या नकाशावर कोरा कागद ठेवून प्रथम फक्त पाणी काढू द्यावे: ओढे कोठून निघतात, कोणास मिळतात. मग त्यावर बाजाराच्या वाटा, मग देवळे-दर्गे, मग वस्त्या. आणि शेवटी प्रत्येक वाटेवर, शंभर वर्षांपूर्वी येथून कोणाला जाता आले असते, हे लिहू द्यावे. त्यानंतर त्या भूमीला त्यांनी हवे ते कल्पित नाव द्यावे, हवे ते राजे आणि राक्षस तेथे वसवावेत. वसमतच्या हळदीच्या शेतांतून, येलदरीच्या जलाशयाकाठून किंवा कळमनुरीच्या माळावरून असे एखादे राज्य निघाले, तर त्यातील कोणी प्रवासी ओढ्याकाठाने खाली जातो म्हणाला, की निवेदकाला काय सांगायचे ते ठाऊक असेल.